तुझ्या पानातलं मीठ

दादा,

आज सकाळी वहिनीने मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर न देता उठून परसात गेले. तिथे रांजण घासत बसले. रांजण कालच घासलेला होता.

ती चुलीपुढे तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शांताबाई, तुमी तं नर्स आहा. खरं सांगा मले. माह्या मिठानं गेले का वो ते?"

आज बारावा दिवस. उद्या तुझी तेरवी. उद्यापर्यंत मला तिला काहीतरी सांगायला हवं, कारण उद्या सुतक फिटून या घरात पुन्हा मीठ शिजेल आणि ते पहिल्यांदा तुझ्या पानात वाढावं लागेल. कोणाच्या हाताने वाढायचं हे तिला माझ्या उत्तरावरून ठरवायचं आहे. हे ती बोलली नाही, पण मला कळलं. म्हणून दुपारी पडवीत बसून तुलाच लिहिते आहे. मिठाच्या दोन्ही बाजू ठाऊक असलेला माणूस तू एकटाच होतास, आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस.

मला अजून रडू आलेलं नाही. बसायला येणाऱ्या बायका गळ्यात पडतात आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते, जणू गेलेलं माणूस त्यांच्याच घरचं आहे. यशोदाबाई परवा दाराबाहेर म्हणाली, दवाखान्यात राहून राहून पोरीची छाती दगडाची झाली. मी आतून ऐकलं. छाती दगडाची होत नसते. आत मुठीएवढा मांसाचा गोळा असतो आणि तो माझा नीट चालू आहे. मी नाडी मोजूनही बघितली.

त्या दिवशी चामोर्शीला दवाखान्यात निरोप आला तेव्हा मी एका पोराच्या कानात औषध घालत होते. ते पूर्ण घातलं. दुसरा कान राहिला होता, तोही केला. मग निघाले. घरी पोहोचले तर तू पडवीच्या खांबाला टेकून बसलेलाच होतास, कारण शेवटच्या दिवसांत तुला आडवं होऊन श्वास घेता येत नव्हता. वहिनी पाणी आणायला गेली तेवढ्यात तू गेलास. लोक म्हणाले, त्याला निजवलं नाही, तू यायची वाट पाहत होतो. मी बसले आणि माझा हात सवयीने तुझ्या मनगटावर गेला. बोटं तशीच ठेवली. किती वेळ ठेवली ते मला आठवत नाही. कोणीतरी ती सोडवली.

बाबा गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि लग्न मोडलेली होते. तू मला नागपूरला नर्सिंगला घातलंस. सगळा गाव हसला. काका तुला म्हणाले होते, "चांगल्या घरची पोर परक्या मानसायचे पाय धरत फिरन, हे चांगलं दिसते का?" तू विडी विझवलीस आणि म्हणालास, "पाय धरून मानूस वाचत असन तं धरू द्या तिले." पुढे कोणी बोललं नाही. तुझं बोलणं एवढंच असायचं, तलावाच्या मोरीचं दार उघडावं आणि लागेल तेवढं पाणी सोडून पुन्हा लावावं तसं.

तू गावचा पाणकर. तलावाची मोरी कधी उघडायची, कोणत्या पाटाला किती सोडायचं, कोणाच्या धानाची बांधी आधी भरायची, ते तू ठरवायचास. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी पाळीच्या बांधावर तूच. आणि तुझी रीत सगळ्यांना पाठ: पाणी आधी पाटाच्या शेवटच्या बांधीला, मग वर वर येत तलावाजवळच्या बांधीला. पाळीखालचे शेतकरी चरफडायचे. तू म्हणायचास, शेवटची बांधी पाहिली की मधला सगळा पाट पाहिला. तिथे पाणी नाही पोहोचलं तर मधे कोणी फोडलं, तिथे तुंबलं तर पुढचा निचरा बंद. म्हणून रोज सकाळी तू आधी शेवटच्या बांधीवर जायचास.

हे मला इतकं पाठ होतं, दादा. तरी उपयोग झाला नाही.

नागपूरहून पहिल्या सुट्टीत मी रक्ताभिसरणाचा नकाशा आणला होता, आठवतं? माणसाच्या अंगात तांबड्या आणि निळ्या रेषांचं जाळं. तू तो भिंतीला लावलास आणि कंदिलाची काच पुसायची सोडून त्याच्यासमोर उभा राहिलास.

"हे तं आपले पाट हायेत वो," तू म्हणालास. "मदात हा तलाव. इथून सुटते, मोठ्या पाटानं जाते, मंग बारीक बारीक पाट, मंग बांधी."

"आनि बांधीतून परत येते," मी म्हटलं.

"परत?"

"हो. निळ्या पाटानं."

"कुठी परत येते? बांधीतलं पानी नाल्यात जाते, नाल्यातलं वैनगंगेत. वैनगंगेतून तुह्या बापानं आनलं का कधी तलावात?"

"माहा बाप तोच तुहा बाप हाये."

"मनूनच सांगतो. त्यानं नाई आनलं."

मी नवी नवी शिकलेली. मला फार चढला होता तो विषय. तुला बसवून सगळं सांगितलं. रक्त एकच, तेच ते फिरतं. अंगभर जाऊन मळलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जाऊन हवा घेतं, तांबडं होऊन डाव्या बाजूला येतं, आणि डावी बाजू ते टाळूपासून तळपायापर्यंत ढकलते. तू ऐकलंस आणि एकच म्हणालास, "पानी चढावर चढत नाई. पायातलं रगत छातीत चढते कसं?"

मग मी तुझ्या दंडाला माझा रुमाल बांधला. तुझे हात म्हणजे दोरखंड. शिरा लगेच फुगून वर आल्या आणि त्यात मधे मधे गाठी दिसू लागल्या. मनगटाकडच्या बाजूला एका शिरेवर मी बोट दाबून धरलं, आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त वर सारत एका गाठीपलीकडे नेलं. मधली शीर चपटी झाली. वर रक्त भरलेलं, पण ते खाली उतरेना. तू डोळे बारीक करून बघत होतास. मग मी खालचं बोट उचललं आणि शीर खालून भरली.

"त्या गाठीत दार हाये," मी म्हटलं. "वर जाऊ देते, खाली येऊ देत नाई."

मग स्वतःच तीनदा करून बघितलंस. "आनि खालून ढकलते कोन?"

"पोटऱ्या. तू चालला का पोटरी आवळते, शीर दाबते, रगत वरच्या दारातून जाते. मनून चालावं. बसून राहिलं का पायात साचते."

"म्हंजे मी पाळीवरून फिरतो ते..."

"ते तुह्या रगताच्या कामाचंच हाये."

दुसऱ्या दिवसापासून गावात कोणाचा हात सुटला नाही. बाजारला निघालेल्या माणसाला तू पाळीवर थांबवायचास, दंडाला दुपट्टा बांधायचास आणि दार दाखवायचास. वहिनी म्हणे, लोक आता दुसऱ्या वाटेनं जाऊन राह्यले.

पण तलाव म्हणायचं तू सोडलंस. दोन दिवसांनी जेवताना म्हणालास, "ते तलाव नाई, शांते. तलाव निजून राह्यते, पानी आपल्या वजनानं निंगते. हे मोट हाये. ओढनारं थांबलं का पानी थांबलं." मी म्हटलं, अगदी बरोबर. तू घास हातात धरून विचारलंस, "मंग बैलं सोडते कवा?"

"सोडत नाई. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत जेवढा वेळ भेटते तेवढाच विसावा."

"तेवढ्यात तं बैल शेपटी बी नाई हालवत," तू म्हणालास, आणि तुझा चेहरा असा झाला की मला हसू आलं. तुला त्या बैलांची खरोखर दया आली होती. आपला एक वाद मात्र राहूनच गेला. तुझं म्हणणं, पाणीही परत येतं, ढगातून येतं, म्हणून माझी गोष्ट आणि तुझी गोष्ट एकच आहे. मी म्हणायची, पावसाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. तू म्हणायचास, नर्सबाईला पुस्तकाबाहेरचं दिसत नाही. आता हरले म्हणायला मला काही अडचण नाही. तुला ऐकू जाणार असतं तर लगेच म्हटलं असतं.

आता रोवण्याचं लिहिते. ते लिहायचं म्हणूनच इतकं इकडचं तिकडचं लिहिलं.

गेल्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याला, मी आठ दिवसांची रजा घेऊन आले होते. तुझे पाय सुजले होते. पण रोवण्यात पाय कोणाचे सुजत नाहीत? दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहायचं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, संध्याकाळी साऱ्या गावाचे पाय फुगलेले. इथे कोणी त्याला आजार म्हणत नाही. धान लावलं की पाय सुजणार, धान निसवलं की उतरणार. मी इथेच वाढलेली. नागपुरात तीन वर्षं शिकले, पण चिखलातल्या पायाकडे बघताना माझे डोळे या गावचेच होते.

तू पडवीत बसलास, मी तुझा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांत जांभळं औषध लावलं. दोन्ही पायांना. रोज, आठ दिवस. तू म्हणायचास, "सरकारी औषध घरी आनून लावते, साहेबाले सांगतो." मी म्हणायची, तुझं तोंडही जांभळं करीन. तुला पाळ चढताना दम लागत होता हे वहिनीने सांगितलं, तर मी म्हटलं, विडी सोड. खोटं नव्हतं ते. विडीने रक्तवाहिन्या आवळतातच. पण माझा अंगठा तुझ्या नडगीपासून चार बोटांवर होता. तो मी दाबला नाही. दाबला असता तर खळगा पडला असता आणि तसाच राहिला असता, आणि मला कळलं असतं की हे चिखलाचं नाही. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, सहा ओळींत. मी वर्गात ते पाठ म्हणून दाखवलं होतं.

लोकांचे पाय धरायला तू मला पाठवलंस. मी आठ दिवस तुझेच पाय धरून बसले होते.

दिवाळीनंतर कापणीला आले तेव्हा बांध्या कोरड्या पडलेल्या होत्या. साऱ्या गावाचे पाय उतरलेले आणि तुझे तसेच. तेव्हा मी दाबून बघितलं. बोट उचललं तरी खळगा राहिला. तू वाकून बघितलंस आणि हसलास. "तुहं बोट घरच करून राह्यलं वो इथी." माझा चेहरा बघून मग हसणं थांबवलंस.

गडचिरोलीचे डॉक्टर चांगले माणूस होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, छाती ऐकली, पाठ ऐकली. म्हणाले, "पाणकर, तुमचा रक्तदाब पुष्कळ दिवसांपासून वाढलेला असला पाहिजे. हृदयाला त्या जोराविरुद्ध पंप करावं लागलं, ते आता थकलं आहे. पुढे ढकलत नाही, म्हणून मागे पाणी साचतं, पायात, छातीत."

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "बरोबर हाये सायेब. शेवटच्या बांधीत पानी तुंबलं म्हंजे पुढं कोनी ओढून नाई राह्यलं."

डॉक्टरांना ते फार आवडलं. मला खाली जमीन दिसत होती फक्त.

मग त्यांनी सांगितलं. विडी, तंबाखू बंद. मोरीची फळी उचलायची नाही, सपाटीवर सावकाश चालायचं. उशाला जास्त घेऊन निजायचं. नाडी संथ करणारी गोळी, आणि आठवड्याला पाणी उतरवणारं एक इंजेक्शन, ते मी द्यायचं. आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. जेवढं पाणी जास्त तेवढं त्या थकलेल्या हृदयाला ओझं. लोणचं नको, सुकी मासोळी नको, पेजेतली मिठाची चिमूट नको. ते म्हणाले, "औषधाइतकंच हे महत्त्वाचं आहे. जगण्याचे दिवस यावर आहेत."

विडी तू त्याच दिवशी सोडलीस. मिठाला मात्र घरी येऊन म्हणालास, "अळनी तं आपन सुतकात खातो, शांते. मी अजून जिता हाओ."

आपल्या घरात बाबा गेले तेव्हा तेरवीपर्यंत मीठ नव्हतं, आजी गेली तेव्हा नव्हतं. या चुलीवर अळणी शिजलं की कोणीतरी गेलेलं असतं. वहिनीने तर कानांवर हात ठेवले. "जित्या मानसाच्या ताटात अळनी वाढू? माह्या हातानं?" मी तिला समजावलं, मग रागावले, मग अडाणी म्हटलं. हो, म्हटलं मी तिला. तीन दिवस मी स्वतः रांधलं आणि स्वतःही अळणीच खाल्लं, म्हणजे तुला एकट्याला वाटू नये. चौथ्या दिवशी तू म्हणालास, "जा तू दवाखान्यात. तिथी लोकं खोळंबले असतील. मी खातो अळनी. तुही आन." वहिनी मान खाली घालून चूल फुंकत होती.

मग दर आठवड्याला मी यायची, इंजेक्शन द्यायची आणि विचारायची, "मीठ?" तू म्हणायचास, "जमते आता. सवय झाली." इंजेक्शननंतर सूज उतरायची आणि चार दिवसांत भरायची. हिशोब जुळत नव्हता. एकदा मी तुला स्पष्ट विचारलं, "दादा, मीठ खातो का तू?" तू म्हणालास, "तुह्या वयनीले विचार." वहिनी आत निघून गेली. मी विचारलं नाही. मला वाटतं, मला उत्तर नको होतं.

परवा तिनेच सांगितलं. मी गेले की ती भाजीत मीठ टाकायची. "सारं नाई वो. चिमूटभर. कपाळाले कुंकू हाये आनि मी अळनी रांधू? हात धजेना माहा. मले वाटे, मीच त्यायले मारून राह्यली." पहिल्या दिवशी तू घास घेतलास, थांबलास, तिच्याकडे बघितलंस, आणि जेवलास. काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. कधीच नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. तिच्यासाठी तू मीठ खाल्लंस आणि माझ्यासाठी खोटं बोललास. दोघींना राखलंस. पाटावरची भांडणं तू आयुष्यभर अशीच मिटवली असशील, पण हे पाणी नव्हतं, दादा. हे लिहिताना या बारा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं. रडू नाही, राग आला. इतका की बोरू मोडला. तुला एक शब्द बोलता आला असता. तिला म्हणायचं होतंस, नको टाकू. मला म्हणायचं होतंस, ती टाकते. मी तिच्याशी भांडले असते, पायाही पडले असते. तू आम्हाला तेवढंही करू दिलं नाहीस.

राग आता उतरला. पुन्हा सगळं बधीर आहे.

मधेच यशोदाबाई आली होती बसायला. बोलत होती, मी तिच्या पायांकडे बघत होते. आता चिखल नाही, रोवणा नाही, फाल्गुन आहे, आणि तिच्या घोट्यावरचं कडं मांसात रुतलेलं. मी काही न विचारता तिचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. बाई घाबरली. खळगा पडला आणि राहिला. मी तिला उद्याच्या मोटारीने गडचिरोलीला जायला सांगितलं. तिचा मुलगा म्हणाला, तेरवी झाल्यावर जाऊ. मी म्हटलं, तेरवी माझ्या भावाची आहे, तुझ्या आईची नाही, उद्याच जा. माझा आवाज चढला असावा, कारण तो हो म्हणाला. येणाऱ्या रोवण्यात मी साऱ्या गावाचे पाय दाबणार आहे. हसतील मला. हसू दे.

इथवर लिहून काल थांबले होते. आता तेरवी झाली आहे, माणसं गेली आहेत, उष्ट्या पत्रावळी निघाल्या आहेत. राहिलेलं लिहिते.

आज सकाळी वहिनीजवळ बसले. चुलत भाऊ अंगणात बामणाशी बोलत होता, आत आम्ही दोघीच. माझ्या मनात दोन उत्तरं होती. नाही, तुझ्या मिठाने नाही, असं म्हटलं तर ते खोटं होतं आणि ती ओळखणार होती. हो म्हटलं तर ते निम्मंच खरं होतं, आणि ती उरलेला जन्म त्या चिमटीत काढणार होती. मग म्हटलं, "मिठानं पानी वाढलं, वयनी. ते खोटं नाई सांगत. पन पानी पावसाळ्यापासून भरून राह्यलं होतं. त्याचे पाय आठ दिवस माह्या मांडीवर होते. मी औषध लावलं आनि पाह्यलं नाई. तवा पाह्यलं असतं तं चार महिने भेटले असते. तू तं चिमूटभर टाकलं. मी चार महिने टाकले."

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. गडचिरोलीच्या डॉक्टरांनाही नाही.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल, आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "त्यायले माहीत होतं का? पायाचं?"

"नाई."

"मंग मिठाचं त्यायले माहीत होतं, पायाचं त्यायले बी नाई." एवढंच म्हणून तिने माझा हात धरला. तिची बोटं माझ्या मनगटावर नेमकी नाडीवर आली होती. तिला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा मला रडू आलं, दादा. आवाज न होता, पण थांबेना. तिने हात सोडला नाही.

मग पान मांडलं. तुझी जागा, खांबाजवळ. पत्रावळीवर पहिलं मीठ वाढतात. वहिनीने मिठाची वाटी माझ्यापुढे धरली. "तुमी वाढा." मी म्हटलं, "तू वाढ. तुहा हक्क हाये." ती म्हणाली, माझ्या हातून नको. मी म्हटलं, माझ्या हातून तर मुळीच नको. बामण बाहेरून घाई करत होता. शेवटी मी चिमूटभर वाढलं आणि सरकले. माझी पाठ वळताच तिनेही वाढलं. मी बघितलं, पण काही बोलले नाही.

तुझ्या पानात आज दोनदा मीठ पडलं. खारट झालं असेल. तेव्हाही तू काही बोलला नव्हतास.